शाहीर विलास घोगरे : एका गोळीबाराचा अकरावा बळी

आपल्या अभ्यासक्रमात शाहीर भेटतात ते बहुधा दोनच ठिकाणी. एक, जुन्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासात. तेथे राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, प्रभाकर यांची नावे आपण परीक्षेपुरती पाठ करतो. दुसरे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावरील टिपेत. तेथे अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर हे त्रिकूट येते. त्यानंतर शाहीर नावाचा प्राणी महाराष्ट्रातून नाहीसा झाला असावा, असे पाठ्यपुस्तक वाचणाऱ्याला वाटले तर त्यात नवल नाही. पण मुंबईच्या पूर्व उपनगरात, मुलुंडच्या झोपडपट्टीत राहून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कष्टकऱ्यांची गाणी रचणारा आणि ती रस्त्यावर उभे राहून गाणारा एक शाहीर होता. विलास घोगरे हे त्यांचे नाव. १५ जुलै १९९७ रोजी ते गेले.

हा लेख म्हणजे घोगरे यांचे जन्मापासूनचे साग्रसंगीत चरित्र नव्हे. शाहिरांच्या आयुष्याची कागदपत्रे फारशी राहत नाहीत. राहतात ती गाणी आणि ती ऐकलेली माणसे. त्यांच्या आयुष्याचा शेवट ज्या घटनेने झाला ती घटना मात्र नीट नोंदली गेली आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसे मेली. त्यानंतर चौथ्या दिवशी घोगरे यांनी आपले जीवन संपवले. सरकारी हिशेबात मृतांचा आकडा दहाच राहिला. तो अकरा का धरला पाहिजे, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

घोगरे ज्या परंपरेत उभे होते तिचे दोन प्रवाह आहेत. एक निळा आणि एक लाल. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्यातून पुढे सत्यशोधकी जलसे निघाले. तमाशाचा बाज तोच, ढोलकी तीच. पण गवळणीच्या जागी सावकारी, अंधश्रद्धा आणि शिक्षण हे विषय आले. बाबासाहेबांच्या चळवळीत भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसे उभे केले. जे वर्तमानपत्र वाचू शकत नव्हते त्यांच्यापर्यंत चवदार तळ्याची आणि काळाराम मंदिराची गोष्ट या जलशांनी पोहोचवली. पुढे वामनदादा कर्डकांनी तेच काम गावोगाव हिंडून केले. दुसरा प्रवाह लाल बावटा कलापथकाचा. १९४४ साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर यांनी तो सुरू केला आणि गिरणगावच्या चाळींपासून खेड्यांच्या पारापर्यंत कामगारांचे राज्य या कल्पनेला सूर दिला.

हे दोन्ही प्रवाह एकाच वस्तीतून वाहत होते, तरी त्यांच्यात एक बांध होता. त्याचे कारण गिरणीतच सापडते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला असे. पण त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि दलिताच्या तोंडचा धागा आपल्या तोंडाला लागेल या भयाने सवर्ण कामगार त्याला आपल्या शेजारी उभे करत नसत. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. जगातील कामगारांना एक होण्याची हाक देणाऱ्या चळवळीला एका खात्यातील दोन कामगार एका धाग्याने जोडता येऊ नयेत, ही गोष्ट आंबेडकरी माणूस कधी विसरला नाही. उलट बाजूने, जातीच्या प्रश्नावर फार बोलले की वर्गाची एकजूट फुटते, असे डाव्या चळवळीतले कितीतरी लोक मानत राहिले. घोगरे यांचे सारे आयुष्य या बांधावरच गेले. ते जन्माने दलित आणि विचाराने डावे. लाल झेंड्याखाली गाणाऱ्या या माणसाच्या घरात बाबासाहेब होतेच.

त्यांची पिढी दलित पँथरची. २९ मे १९७२ रोजी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. हे नाव अमेरिकेतून आले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते; त्यामागची हकीकत मात्र कमी सांगितली जाते. १९६६ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्यांचे पहिले काम कोणते होते? काळ्या वस्तीत फिरणाऱ्या पोलिसांच्या गाडीमागोमाग आपण फिरायचे, आणि पोलीस एखाद्या काळ्या पोराला अडवून मारहाण करू लागले तर साक्षीदार म्हणून तिथे उभे राहायचे. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांच्यासारख्या इकडच्या तरुणांनी ते नाव घेतले, कारण ते चित्र त्यांच्या ओळखीचे होते. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल उसळली तेव्हा पोलीस कोणाच्या बाजूने उभे राहिले, हे त्या चाळींतल्या पोरांनी डोळ्यांनी पाहिले. त्याच महिन्यात निघालेल्या मोर्चावर वरून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव हा पँथर मेला. या साऱ्या धगीत मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील एक पिढी वाढली.

घोगरे आव्हान नाट्य मंच या पथकात दाखल झाले. पथनाट्ये करणारे आणि चळवळीची गाणी गाणारे हे डाव्या विचारांचे पथक. आज ज्यांना आपण लोकशाहीर म्हणून ओळखतो ते संभाजी भगतही याच पथकातले. त्यांना रंगमंच नव्हता, तिकीट नव्हते, पडदा नव्हता. कारखान्याचे फाटक, वस्तीतला चौक, महाविद्यालयाचे पटांगण, जिथे माणसे थांबतील ते नाट्यगृह. घोगरे यांची ताकद अशी की ते मराठीत जितक्या सहजतेने गात तितक्याच सहजतेने मुंबईच्या हिंदीतही. ज्या वस्तीत लातूरचा बिगारी आणि बस्तीचा हमाल शेजारी शेजारी राहतात, तिथे दोघांनाही कळेल असे गाणे लागते. ते त्यांनी रचले.

हे गाणे ज्या काळात घडले तो काळ आठवला पाहिजे. १९८१च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथावरील झोपड्या पाडून तिथल्या लोकांना त्यांच्या गावी पाठवण्याचा हुकूम काढला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५च्या निकालात न्यायालयाने एक मोठी गोष्ट मान्य केली : जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. पण त्याच निकालाने, आधी सूचना देऊन झोपड्या हटवण्याची मुभा महापालिकेला राहिली. दरम्यान १८ जानेवारी १९८२ पासून दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या घरातले गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही, आणि हजारो कुटुंबे हळूहळू शहराच्या कडेला सरकत गेली.

याच दिवसांत आनंद पटवर्धन यांनी मुंबईच्या झोपडपट्टीवासीयांवर ‘हमारा शहर’ हा माहितीपट केला. तो १९८५ साली आला. त्यात बुलडोझर आहेत, पाडापाडीनंतर पावसात संसार मांडून बसलेल्या बाया आहेत, आणि झोपड्यांमुळे शहर घाण होते असे सांगणारे बंगल्यातले लोकही आहेत. आणि त्यात विलास घोगरे गातात. मजुराची कर्मकहाणी सांगणारे त्यांचे ते गाणे. इमारती बांधणाऱ्याला त्याच शहरात निवारा नाही, एवढी साधी गोष्ट. पण ती ते अशा खुल्या आवाजात सांगतात की त्यात कीव मागणे कुठेच येत नाही. मी तो माहितीपट प्रथम पाहिला तो आमच्या एका प्राध्यापकांच्या आग्रहाने, आणि त्या आवाजानेच मला या माणसाच्या मागे जायला लावले.

त्याला आणखी एक कारण होते. मी चारकोपचा. त्याच दशकात आमचे चारकोप वसत होते. जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने कांदिवलीच्या पश्चिमेला खाडीकडच्या मोकळ्या जमिनीवर सेक्टर पाडले, लहान लहान भूखंड आखले, पाणी-गटाराची सोय करून दिली आणि घर मात्र ज्याचे त्याने बांधायचे असे ठरवले. माझ्या आजोबांना सोडतीत असा एक भूखंड लागला. आधी पत्र्याचे, मग विटांचे, मग त्यावर एक मजला असे आमचे घर वाढत गेले. आमच्या घरात ही कष्टाची आणि अभिमानाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण ‘हमारा शहर’ पाहताना जाणवत राहते की एकाच शहराने एकाच दशकात एका गरिबाला सातबारा दाखवला आणि दुसऱ्याला बुलडोझर. दोघांत फरक कष्टाचा नव्हता. सोडतीची चिठ्ठी, उत्पन्नाचा दाखला, कोणत्या सालचा पुरावा हाताशी आहे, यांवर माणसाची कायदेशीर आणि बेकायदेशीर अशी जात ठरत होती. घोगरे दुसऱ्या जातीत होते. ते अखेरपर्यंत मुलुंडच्या झोपडीतच राहिले.

पुढे एक दुखरी गोष्ट घडली. ज्या पथकासाठी घोगरे यांनी आपला आवाज दिला त्यानेच त्यांना काढून टाकले. शिस्त आणि संसार यांची ही जुनीच लढत आहे. पूर्णवेळ चळवळ करणाऱ्याच्या घरात चूल पेटायची असते, आणि क्रांतीच्या गाण्याला मानधन नसते. पथकाचीही बाजू असेल. संघटना शिस्तीशिवाय चालत नाही, हे कबूल. पण सुतार संघटनेबाहेर गेला तरी त्याची करवत त्याच्याजवळ राहते. शाहिराचे तसे नसते. मागे झील धरणारे सुटले की त्याचे अर्धे गाणेच जाते. घोगरे लिहीत राहिले, गात राहिले. पण आपल्या माणसांनी दूर केल्याची सल त्यांच्या मनात राहिली.

मग ११ जुलै १९९७ उजाडला. पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून असलेल्या रमाबाई नगरात सकाळी लोक उठले तेव्हा वस्तीतल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांची माळ होती. बातमी गल्लीगल्लीतून पसरली. लोक जमले, पोलिसांकडे दाद मागू लागले, आणि संतापून महामार्गावर उतरले. थोड्याच वेळात राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली. मनोहर कदम या उपनिरीक्षकाच्या हुकमाने गोळीबार झाला. दहा माणसे ठार झाली, २६ जखमी झाली. मृतांत एक स्त्री होती, कोवळ्या वयाची पोरे होती. बहुतेकांना गोळ्या लागल्या त्या कमरेच्या वर. रस्त्यापासून आत, वस्तीच्या तोंडाशी उभ्या असलेल्यांनाही त्या लागल्या. जमाव पांगवायचा तर आधी इशारा, मग लाठी, मग अश्रुधूर, आणि अगदीच इलाज नसेल तर नेम खाली धरून मोजक्या गोळ्या, असा क्रम पोलिसांना शिकवलेला असतो. त्या सकाळी हा क्रम उलटा झाला. गोळ्या आधी झाल्या. लाठ्या आणि अश्रुधूर नंतर, जेव्हा वस्ती आपली प्रेते मोजत होती.

जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असे पोलिसांनी सांगितले. शहरातील पुष्कळांना ते लगेच पटले. आमच्या सोसायटीतले एक काका त्या काळी पूर्व उपनगरात नोकरीला होते. त्यांना विचारले तर त्या दिवसाची पहिली आठवण निघते ती महामार्ग बंद असल्याची आणि कामावर खाडा पडल्याची. दहा माणसे मेल्याचे त्यांना रात्री बातम्यांत कळले. काका वाईट माणूस नव्हेत. पण वस्तीबाहेरच्या मुंबईची प्रतिक्रिया साधारण अशीच होती : आधी वाहतूक, मग टँकर, आणि सर्वांत शेवटी माणसे. वस्त्यांची प्रतिक्रिया वेगळी होती. राज्यभर ठिकठिकाणी मोर्चे निघाले, बंद पाळले गेले. रमाबाई नगरात भेटीला येणाऱ्या पुढाऱ्यांवरही लोकांचा राग निघाला, कारण आपल्या नावाने मते मागणारे अनेक गट आहेत आणि आपल्या बाजूने उभी राहणारी एकही फळी नाही, हे त्या दिवशी उघडे पडले होते.

घाटकोपर ते मुलुंड हे अंतर लोकलने थोडेच. मध्ये विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप. घोगरे यांना ही बातमी परक्या गावची नव्हती. मेलेली माणसे त्यांच्याच श्रोत्यांतली होती. आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल असा एक योग त्या दिवसांत जुळून आला होता. १४ जुलै १९९७ रोजी देशाच्या राष्ट्रपतिपदासाठी मतदान झाले आणि के. आर. नारायणन हे राष्ट्रपती होणार हे जवळजवळ ठरलेले होते. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी राष्ट्रपती भवनात प्रथमच एक दलित जाणार होता. दुसऱ्या दिवशी, १५ जुलैला, मुलुंडच्या झोपडीत विलास घोगरे यांनी गळफास घेतला. डोक्याला त्यांनी निळे कापड बांधले होते. भिंतीवर आंबेडकरी जनतेच्या एकजुटीचा जयजयकार लिहून ठेवला होता.

या निळ्या कापडावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. काहींना वाटले, लाल सोडून घोगरे शेवटी निळ्याकडे परतले. काहींनी तो डाव्यांचा पराभव मानला. मला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात. ज्या माणसाने आयुष्यभर कामगारांच्या एकजुटीची गाणी गायली त्याने अखेरच्या ओळीतही एकजूटच मागितली. गोळ्या झाडताना पोलिसांनी कोणाचा पक्ष विचारला नव्हता. त्यांना वस्ती कोणाची हे ठाऊक होते. मार बसताना ज्या ओळखीने बसतो ती ओळख डोक्याला बांधणे, एवढा साधा अर्थ मला त्यात दिसतो. आणि दोन चळवळींमधला तो जुना बांध एका माणसाच्या अंगावर किती जड पडू शकतो, हेही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. माझ्या वर्गातील काही मित्र या मृत्यूला बलिदान म्हणतात, काही पळपुटेपणा. पहिला शब्द मला भीतिदायक वाटतो, दुसरा निर्दय. आत्महत्येला निषेधाचा मार्ग म्हणून कोणी मिरवू नये. घोगरे जगते तर त्या दहांचा पोवाडा त्यांनीच रचला असता, आणि तो त्या चार दिवसांपेक्षा फार काळ टिकला असता. ज्याला असे आतून कोसळल्यासारखे वाटते त्याने रात्री-अपरात्री मित्राचे दार वाजवावे, आणि मित्राने ते उघडावे. पण म्हणून या मृत्यूला खाजगी म्हणून बाजूला टाकता येत नाही. बंदुकीची गोळी ज्याला लागते त्याच्यापाशी थांबत नाही. ज्याने उभ्या आयुष्यात माणसांवर भरवसा ठेवायला शिकवले, त्याच्या भरवशालाही ती लागू शकते. म्हणून मी अकरा म्हणतो.

पुढचा हिशेब थोडक्यात सांगतो. सरकारने उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. १९९८ साली आयोगाचा अहवाल आला. गोळीबार समर्थनीय नव्हता असा निष्कर्ष त्यात निघाला आणि कदमवर ठपका ठेवण्यात आला. टँकरची ढाल टिकली नाही. तरी खटला उभा राहून निकाल लागायला मे २००९ उजाडावे लागले. सत्र न्यायालयाने सदोष मनुष्यवधाबद्दल जन्मठेप सुनावली. घटनेला तोवर जवळजवळ १२ वर्षे झाली होती. त्यानंतर थोड्याच काळात उच्च न्यायालयाने कदमला जामीन दिला. वस्तीतल्या ज्या पोराने दहाव्या वर्षी शेजाऱ्याचे प्रेत उचललेले पाहिले, तो हा निकाल लागेपर्यंत बावीस वर्षांचा बाप्या झाला होता.

भिंतीवर मागितलेल्या एकजुटीचे काय झाले? ती आली. १९९८च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन गट एकत्र आले, आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले व जोगेंद्र कवाडे हे चौघेही महाराष्ट्रातून निवडून आले. रमाबाई नगरच्या रागाचा त्यात मोठा वाटा होता. आणि मग ती एकजूट फुटली. गट पुन्हा गट झाले.

आपल्याकडच्या या घटनेकडे पाहताना अमेरिकेतील अलीकडचा इतिहास डोळ्यांपुढे येतो. ९ ऑगस्ट २०१४ रोजी फर्ग्युसन गावात मायकेल ब्राउन या १८ वर्षांच्या काळ्या मुलाला एका पोलिसाने गोळ्या घातल्या. त्याचे प्रेत सुमारे चार तास रस्त्यावर पडून होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लीव्हलंडमध्ये खेळण्यातली बंदूक हाती असलेला टामिर राइस हा १२ वर्षांचा मुलगा पोलिसांच्या गोळीने गेला. दोन्ही प्रकरणांत पोलिसांवर फौजदारी खटला उभा राहिला नाही. लोक रस्त्यावर आले, आणि तिथेही शहाणी माणसे आधी मोडलेल्या दुकानांबद्दल बोलली. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडचा जीव जाताना एका सतरा वर्षांच्या मुलीने ते मोबाइलवर टिपले, म्हणून जगाने पाहिले आणि पोलिसाला शिक्षा झाली. ओकलंडच्या पोरांनी १९६६ साली जे काम सुरू केले होते, साक्षीदार म्हणून उभे राहण्याचे, तेच त्या मुलीने केले.

रमाबाई नगरात १९९७ साली मोबाइल नव्हते. तिथे साक्षीदाराचे काम गाण्याने आणि चित्रपटाने केले. घोगरे यांच्या मृत्यूनंतर आनंद पटवर्धन यांनी पुन्हा कॅमेरा उचलला आणि तब्बल १४ वर्षे चित्रीकरण केले. त्यातून ‘जय भीम कॉम्रेड’ हा सुमारे तीन तासांचा माहितीपट २०११ साली पुरा झाला. या नावातच निळा आणि लाल शेजारी उभे आहेत. ‘हमारा शहर’मधला गाता विलास त्यात पुन्हा दिसतो. पण या चित्रपटात फक्त शोक नाही. वस्त्यांमधून गाणारी माणसे त्यात एकामागून एक येतात, आणि अखेरीस पुण्याच्या कबीर कला मंचाची तरुण मुले येतात. त्यांतल्या शीतल साठे आणि सचिन माळी यांना पुढे भूमिगत व्हावे लागले, आणि २ एप्रिल २०१३ रोजी ते विधान भवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. गाणे आणि पोलीस यांची गाठ अजून सुटलेली नाही, असाच याचा अर्थ.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेल्या कोणालाही हे ठाऊक असते की शाहिरी संपलेली नाही. शिवाजी पार्कावर पुस्तकांच्या दुकानांमधून वाट काढताना दर दहा पावलांवर कोणीतरी गात असतो. पूर्वी त्याच्यापुढे कॅसेट मांडलेल्या असत, आता पेन ड्राइव्ह असतात. आमच्या चारकोपातून त्या दिवशी निघणाऱ्या बाया पांढरी लुगडी नेसून दादरला जातात आणि येताना नातवंडांसाठी गाण्यांची पुस्तिका आणतात. विद्यापीठाच्या यादीत नसलेले हे वाङ्मय असे घरोघर पोहोचते.

रमाबाई नगरात दर ११ जुलैला लोक जमतात आणि मृतांना अभिवादन करतात. त्या वस्तीचा पुनर्विकास आता हाती घेण्यात आला आहे. झोपड्या जातील, उंच इमारती येतील, आणि ज्यांनी आयुष्य पत्र्याखाली काढले त्यांना पक्के घर मिळावे याचा आनंदच आहे. पण इमारतीला स्मरण नसते. ते माणसांना ठेवावे लागते. आपल्या मराठी विभागाला म्हणूनच माझी एक नम्र विनंती आहे. लोकसाहित्याच्या पेपरात जिथे अमर शेखांवर आपण थांबतो, तिथे पुढे विलास घोगरे हे नाव घालावे. त्यांची गाणी वर्गात ऐकवावीत आणि ११ जुलैची हकीकत, तारखा आणि आकडे यांसह, सांगावी. स्नेहसंमेलनात लोककलेच्या स्पर्धेला आपण दरवर्षी शिवरायांचा पोवाडा घेतो, तो घ्यावाच. त्याच्या जोडीला येत्या वर्षी एक पोवाडा घाटकोपरच्या दहा माणसांचा आणि मुलुंडच्या त्यांच्या शाहिराचा असावा. तो लिहायला मी तयार आहे. झील धरायला कोण कोण येणार, ते सांगा.

— तृतीय वर्ष कला (मराठी)